बाबांचं शिरेतलं अँटिबायोटिक घरी दिलं, तेव्हाचा अनुभव

बाबांच्या मणक्यात इन्फेक्शन झालं होतं. हाडात शिरलेला जंतू लवकर हटत नाही, त्यामुळे कोर्स 6 आठवड्यांचा. ताप उतरला, बाबा चालू लागले आणि डॉक्टर म्हणाले, उरलेली इंजेक्शनं घरी देता येतील. मला धडकीच भरली. गोळ्या चालणार नाहीत का, असं मी विचारलंही. 2019 च्या ओव्हिवा नावाच्या वैद्यकीय अभ्यासात हाडा-सांध्यांच्या इन्फेक्शनमध्ये गोळ्याही शिरेतल्या औषधाइतक्याच गुणकारी ठरल्या होत्या. पण बाबांच्या जंतूवर चालणारी गोळी त्यांना सोसणारी नव्हती.

औषध सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ठरलं, कारण ते दिवसातून एकदाच द्यायचं असतं. अ‍ॅलर्जी येते का हे बघायला सुरुवातीचे डोस हॉस्पिटलातच झाले. दंडातून पिक लाइन, म्हणजे शिरेतून आत जाणारी लांब, बारीक नळी घातली, तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नीट बसलंय का ते एक्स-रेवर पाहिलं.

मग सिस्टरांनी मला शिकवायला घेतलं. नुसतं दाखवून सोडलं नाही, त्यांच्यासमोर सगळं माझ्याकडून करून घेतलं. हात धुवायचे. लाइनचं तोंड स्पिरिटच्या स्वॅबने 15 सेकंद घासायचं आणि आपोआप वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही. सलाइन थांबत थांबत ढकलायचं, मग औषध, मग पुन्हा सलाइन. सिरिंज 10 मिलीचीच हवी, लहान सिरिंजचा दाब जास्त येतो आणि नळी फुटू शकते. अडलं तर जोर लावायचा नाही. त्या 15 सेकंदांत सिस्टर एकाचीही सूट द्यायच्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. ही नळी थेट रक्तात उघडते.

आठवड्याला ड्रेसिंग बदलायचं, रक्त तपासायचं: पेशी, क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हर, सीआरपी (इन्फेक्शन उतरतंय का ते कळायला). त्या हाताला बीपीचा पट्टा लावायचा नाही.

एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "दंड जड वाटतोय गं." बाही वर केली तर सूज दिसत होती. लगेच फोन केला, त्याच रात्री सोनोग्राफी झाली. शिरेत रक्ताची गुठळी नव्हती. पण रात्री फोन कोण उचलणार, हे मी हॉस्पिटलातून सुट्टी मिळण्याआधीच लिहून घेतलं होतं, म्हणून धावाधाव झाली नाही. घरी औषध द्यायला निघालेल्या प्रत्येकाने तो नंबर आधी मागावा. थंडी वाजून ताप, दंडाला सूज, अंगावर पुरळ, पातळ जुलाब, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.