आमची वाटचाल : एक सीन, दोन कागद

आमची लेखनसंस्था भागीदारीत सुरू झाली २०१६ साली. भांडण मात्र २०१४ सालचं.

गोरेगावात चित्रनगरीजवळच्या एका निर्मितीसंस्थेने नव्या मालिकेच्या संवादांसाठी आम्हा दोघांकडून तीन-तीन एपिसोड लिहून घेतले. चाचणी म्हणून, म्हणजे फुकट. मी सांगलीची, तो नागपूरचा. आठवड्याला सहा एपिसोडचं काम मिळालं की घरभाड्याची चिंता मिटणार आणि टायटलला नाव येणार, त्यामुळे दोघंही इरेला पेटलेलो.

सीन असा : सासू पोळ्या लाटतेय, सून नोकरी लागल्याचं सांगते. माझी सासू दीड पान बोलली होती. रिसेप्शनला बसल्या-बसल्या त्याचा कागद नजरेस पडला. त्याची सासू एवढंच म्हणते, "डबा किती वाजता लागेल?" मला रागच आला. खाली टपरीवर मी त्याला सांगून टाकलं, हे वाक्य मला सुचायला हवं होतं. तो म्हणाला, "तुमची सासू खरी आहे हो. माझी आई अशीच बोलते." कटिंगचे पैसे कोणी द्यायचे यावरूनही आम्ही वाद घातला.

काम त्याला मिळालं. बारा दिवस मी त्याचा फोन उचलला नाही. तेराव्या रात्री मेसेज आला : 'सकाळी सातची शिफ्ट आहे. सासू बोलतच नाहीये.' मी सीन लिहून पाठवला. मग पुढचाही. पुढे निम्मे संवाद माझे आणि नाव त्याचं. त्याने दोनदा मागणी करूनही निर्मात्याने माझं नाव लावलं नाही. आमचं लग्नही त्याच धबडग्यात उरकलं, चार एपिसोडची बँक, म्हणजे आगाऊ साठा, करून ठेवून.

म्हणून फर्म काढली. आमच्या करारातलं पहिलं कलम : लिहील त्याचं नाव. या कलमापायी दोन कामं हातची गेली, आम्ही जाऊ दिली.

मार्च २०२०मध्ये शूटिंग बंद पडलं, तेव्हा डबिंगकडे वळलो. पडद्यावरचे ओठ मिटतात तिथे आपलंही प, ब, म यायला लागतं, मग अर्थ सांभाळून शब्द हुडकत बसायचं. यात मी त्याच्यापेक्षा सरस आहे. त्यालाही ते मान्य आहे, फक्त चारचौघांत नाही.

आता ऑफिसात आम्ही धरून सहा लेखक आहोत. अडलेला सीन दोघांनी नाव न घालता लिहायचा आणि बाकीच्यांनी निवडायचा, अशी पद्धत आहे. परवा निवडलेला कागद पाठकोरा होता. उलटून पाहिला तर मागे आमच्याच घरच्या वीजबिलाची प्रिंट. तो कागद माझा नव्हता.