ट्रॅफल्गर चौकातली नाताळगीते

लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात डिसेंबरात जे उंच झाड उभं राहतं, ते नॉर्वेहून येतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५, नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात होता आणि त्याचे राजे सातवे हाकोन लंडनमध्ये आश्रयाला होते. त्या मदतीची आठवण ठेवून ऑस्लो शहर १९४७ पासून दरवर्षी स्प्रूसचं (सुईसारख्या पानांचं) एक झाड लंडनला भेट देतं. उंची २० मीटरच्या वर. दिव्यांच्या माळा नॉर्वेच्या पद्धतीने शेंड्यापासून सरळ खाली सोडलेल्या. नाताळपर्यंत या झाडाखाली गाणारे गट येतात आणि चांगल्या कामांसाठी पैसे जमवतात. लंडनमध्ये मी ज्या चर्चमध्ये उपासनेला जात होते, तिथल्या मंडळींनी मलाही आपल्यासोबत उभं केलं.

चर्चमध्ये गाणं वेगळं आणि चौकात गाणं वेगळं. आत भिंती आणि छत तुमचा आवाज तुम्हाला परत देतात. बाहेर तो गेला की गेलाच. रांगेच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते नीट ऐकू येत नाही, त्यात मागे बसगाड्यांची घरघर आणि कारंज्याचं पाणी. आमच्या संचालिकाबाईंनी म्हणून सगळं आधीच ठरवून टाकलं होतं. अर्धवर्तुळात खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. नजर त्यांच्या हातावर, कानावर भिस्त ठेवायची नाही. शब्दांचे शेवट ठसठशीत उच्चारायचे. लय नेहमीपेक्षा जराशी चढी, कारण थंडीत लांब ओळीला दम पुरत नाही. गीतांच्या पानांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले होते, ते तर फारच कामाला आले. वारा सारखा पानं उलटायला बघत होता.

पहिलं कडवं मात्र सगळ्यांनी एकाच सुरावटीत म्हणायचं, उंचापासून खर्जापर्यंत चार आवाजांची विभागणी दुसऱ्यापासून. मला हा निर्णय मनापासून पटला. चार आवाज कितीही सुरेख जुळले तरी रस्त्याने जाणारा माणूस ते थांबून ऐकतो, एवढंच. सरळ चाल कानावर पडली की तोही म्हणू लागतो, आणि उपासनेचं गीत त्यासाठीच असतं.

‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ सुरू झालं तेव्हा हे डोळ्यांसमोर घडलं. पिवळं चमकतं जाकीट घातलेला एक सफाई कामगार झाडूला टेकून उभा होता. दुसऱ्या कडव्याला त्याने बेसची, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजाची, ओळ धरली, अगदी पाठ असल्यासारखी. आमच्याकडे खर्जाचे आवाज कमीच होते. बाईंनी डाव्या हाताने त्याला आत बोलावलं. तो हसला, पण जागेवरूनच गीत संपेपर्यंत गात राहिला.

हे गीत मुळात इंग्लिश धर्मोपदेशक चार्ल्स वेस्ली यांचं, १७३९ मध्ये छापलेलं. त्याच वर्षी त्यांचे सहकारी प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी ब्रिस्टलजवळ किंग्जवूडच्या कोळसा खाणकामगारांपुढे उघड्यावर प्रवचनं सुरू केली आणि पाठोपाठ चार्ल्सचे भाऊ जॉन वेस्लीही चर्चच्या भिंतींबाहेर पडले. वेस्लींची पहिली ओळ आज गातात ती नव्हे. ती बदलली व्हाइटफील्ड यांनीच. चाल तर आणखी उशिरा आली. जर्मन संगीतकार मेंडेलसोन यांनी १८४० मध्ये छपाईकलेच्या उत्सवासाठी रचलेलं संगीत १८५५ मध्ये इंग्लिश संगीतकार विल्यम कमिंग्ज यांनी या शब्दांना बसवलं. इतक्या हातांतून गेलेलं हे गीत बसगाड्यांच्या आवाजावरही चढतं. त्याची झेप घेणारी चाल मोकळ्या हवेत जशी फुलते, तशी मी बंद खोलीत कधी ऐकली नव्हती.

‘सायलेंट नाइट’ला मात्र उलटं करावं लागलं. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फला ते पहिल्यांदा गायलं गेलं, साथीला गिटार. गीत हळुवार, चौक गजबजलेला. बाईंनी आम्हाला चार पावलं लोकांच्या जवळ नेलं आणि आवाज न वाढवता गायला लावलं. समोरचं एक कुटुंब मूळ जर्मन शब्दांत म्हणत होतं. शेवटच्या कडव्याला मी मराठी शब्द घेतले, शेजारच्या आजींनी मान डोलावून लय सांभाळली.

नंतर दुसरा गट आला, तेव्हा आम्ही त्यांच्यासमोर श्रोते म्हणून उभे राहिलो आणि त्यांचंही पहिलं कडवं गायलो. डिसेंबरात लंडनला असाल तर संध्याकाळी या झाडापाशी जा, अगदी पुढे उभे राहा, बोटं उघडी असलेले हातमोजे घाला. गीत ओळखीचं निघालं तर गाण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट बघू नका.