पीयूसी, ताट आणि दोन पिकोसेकंद

काल घोडबंदर रोडला स्कूटीची पीयूसी काढायला गेले होते. तिथल्या पोऱ्याने सायलेन्सरमधे नळी खुपसली, गाडी चालूच ठेवा मॅडम म्हणाला, मिनिटभरात चिठ्ठी हातात. त्यावर सीओसमोरचा आकडा बघून मी हसले, त्याला वाटलं असेल बाई येडी आहे. पण मी चार वर्षं ह्याच कार्बन मोनॉक्साईडच्या मागे आहे हो, आणि त्याचं मशीनपण तेच करतं, इन्फ्रारेड सोडायचं आणि सीओने किती खाल्लं ते मोजायचं. फक्त त्याचा सीओ मोकळा उडत असतो, माझा तांब्याच्या चकचकीत तुकड्यावर चिकटलेला, तोही एकाच रेणूच्या थरात, आणि भोवती कडक व्हॅक्यूम, नाहीतर भलतंच काहीतरी येऊन जागा अडवतं.

आई विचारते, नेमकं बघतेस काय गं? परवा किचनमधे स्टीलचं ताट पडलं आणि गरगरत वाजतच राहिलं, आई ओरडली "अगं हात ठेव त्यावर!" म्हटलं, हेच बघते. लेझरने सीओचा बाँड हलवला की तो असाच थरथरतो. मिठाच्या थंडगार क्रिस्टलवर ही थरथर 4.3 मिलिसेकंद टिकते, आणि तांब्यावर? जेमतेम 2 पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग)! दोनशे कोटीपट फरक, कारण धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन ती एनर्जी झटकन ओढून घेतात, मिठात असे इलेक्ट्रॉनच नाहीत.

आता 2 पिकोसेकंद मोजायचे कसे, इतकं फास्ट डिटेक्टरला काही जमत नाही. मग जुगाड. लेझरचे दोन पल्स, पहिला रेणूला धक्का देतो, दुसरा मागून येऊन बघतो कितपत हलतोय, आणि दुसऱ्याच्या वाटेत एक सरकता आरसा. आरसा 0.15 मिलिमीटर मागे घेतला की प्रकाशाला जाऊन-येऊन 0.3 मिलिमीटर जास्त चालावं लागतं, म्हणजे बरोब्बर 1 पिकोसेकंद उशीर. जाड कागदाएवढं सरकवलं की झालं. मला अजूनही ह्याची गंमत वाटते, आमचं घड्याळ म्हणजे आरसा आणि स्क्रू.

वैताग फक्त पावसाळ्याचा. प्लॅटिनमवर दोन अणूंच्या मधे बसलेला सीओ 1850 वेव्हनंबरच्या (इन्फ्रारेडचा 'रंग' सांगायचं माप) आसपास दिसतो आणि नेमक्या तिथेच हवेतल्या वाफेच्या रेघा गर्दी करतात, म्हणून सगळा ऑप्टिक्सचा बॉक्स कोरड्या नायट्रोजनने भरून ठेवावा लागतो. गेल्या जुलैत त्याचं झाकण रात्रभर उघडं राहिलं, सकाळी स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला प्रकाश किती खाल्ला त्याचा आलेख, वाफेच्या रेघांनी नुसता कंगवा, अख्खा दिवस परत कोरडा करण्यात गेला. कोणी उघडं ठेवलं म्हणून मी सगळ्यांवर खेकसले.

मीच ठेवलं होतं.