अंबाजोगाई ते छत्रपती संभाजीनगर: कॉन्ट्रॅक्टवरच्या सिस्टरचं बिऱ्हाड हलवताना

यंदा मे महिन्यात आमचं बिऱ्हाड अंबाजोगाईहून संभाजीनगरला आलं. मी, हे, दोन लेकरं आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली स्टाफ नर्स, कॉन्ट्रॅक्टची ऑर्डर ११ महिन्यांची, त्यामुळं हे आमचं तिसरं गाव आणि पुढं चौथंही असेल. ऑर्डर हातात पडली की बऱ्याच जणी विचारतात घरच्यांना कधी न्यायचं, म्हणून सविस्तर लिहायलेय.

जॉइनिंगच्या दिवशी घरच्यांना सोबत नेऊ नका. मागच्या वेळी आम्ही नेलं होतं. घर फोनवरच ठरवलं, सामान उतरवलं आणि तिसऱ्या दिवशी कळलं की बोअर कोरडा पडलाय, मला पहिल्याच आठवड्यात नाईट लागलेल्या, लहान्याला ताप, आणि ह्यांना त्या गावात मेडिकल कुठंय तेपण माहीत नाही. मी वॉर्डात दुसऱ्यांच्या लेकरांचे टेम्परेचर लिहीत होते आणि माझं घरी फणफणत होतं. ते मी कधी विसरणार नाही.

म्हणून यावेळी महिनाभर मी एकटी राहिले, एका सिस्टरच्या खोलीत अर्धा किराया देऊन. मॉर्निंग ड्युटी २ ला सुटली की घरं बघायची. संभाजीनगरला पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं, धरण तसं जवळच, पण नळ काही रोज येत नाही, एरियाप्रमाणं दिवस ठरलेले असतात. घरमालकाला विचारलं की सगळे म्हणतात पाण्याचं टेन्शन नाही. तुम्ही खालच्या किरायादाराच्या बाईला विचारा. नळ किती दिवसांनी येतो, रात्री सुटतो का दिवसा, हौद केवढा, बोअर मे महिन्यात चालतो का, टँकर मागवला तर पैसे कोण देतं. मला हे विचारायची सवय लातूरनं लावली, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी तिथंच शिकायला होते, हॉस्टेलवर बादली मोजून मिळायची. एक घर मला फार आवडलं होतं, गारखेड्यात, हवेशीर, किरायापण कमी, पण हौद एवढुसा आणि त्यात चार बिऱ्हाडं, मन घट्ट करून सोडलं. शेवटी सिडकोत घेतलं, किराया जास्त आहे पण हौद आमचा एकट्याचा.

दुसरी गोष्ट, घर फायनल करायच्या आधी नाईटच्या वेळेला एकदा स्वतः जाऊन बघा. मी रात्री ८ च्या ड्युटीच्या हिशोबानं साडेसातला स्कूटी घेऊन तिथून हॉस्पिटलपर्यंत गेले, लाईट कुठं बंद आहेत, कुत्री कुठं मागं लागतात, रिक्षा कुठपर्यंत मिळते सगळं बघितलं. दिवसा तोच रस्ता वेगळा वाटतो.

आता प्रवास. छोटा हत्तीत सामान बसेना म्हणून आयशर केला, पहाटे ४ ला भरून काढला कारण मेचं ऊन. रस्ता केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागड, पाचोड, आडूळ असा आणि मग झाल्टा फाट्यावरून आत. आम्ही एसटीनं आलो, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे त्यामुळं माझं आणि आत्यांचं निम्म्यात झालं. शहागडच्या पुलावर आत्यांनी खिडकीतून गोदावरीला हात जोडले आणि एक रुपया टाकला. घरून निघताना रडल्या नाहीत, तिथं रडल्या. तुळस त्यांनी टेम्पोत दिली नाही, कुंडी मांडीवर घेऊन आल्या अख्खा रस्ता.

टेम्पोत पाण्याचे ड्रम, स्टोव्ह, अंथरुणं आणि एक आठवड्याचा किराणा सगळ्यात शेवटी भरा म्हणजे आधी उतरतं. गॅसचं आधीच करून ठेवा, सिलिंडर रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं. रेशन कार्ड बदलायची घाई नको, आधारवर अंगठा लावून दुसऱ्या गावातपण धान्य मिळतं.

शाळेचं मात्र मला फार लागलं. मोठीचा दाखला वेळेत मिळाला नाही, आणि इथल्या एका शाळेनं दाखल्याशिवाय बसवून घेणार नाही म्हणून सांगितलं. शिक्षण हक्क कायदा २००९, त्याच्या कलम ५ मधे स्पष्ट आहे की दाखला उशिरा आला म्हणून सरकारी आणि अनुदानित शाळांना प्रवेश अडवता येत नाही, आठवीपर्यंत. मी ते कलम छापून नेलं, शांतपणे टेबलावर ठेवलं, आणि जूनमधे शाळा उघडली तेव्हा पोरगी वर्गात होती. तुम्हीपण छापून न्या, भांडू नका.

स्वतःची कागदं: नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन राज्यभर चालतं पण ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, तारीख बघून ठेवा. जुन्या ठिकाणचं एक्सपिरियन्स आणि रिलिव्हिंग लेटर हातात घेतल्याशिवाय गाव सोडू नका. पीएफ काढू नका, यूएएन म्हणजे पीएफचा नंबर तोच राहतो, ट्रान्सफर करा. आणि दोन महिन्यांचा खर्च बाजूला पाहिजेच, माझा पहिला पगार दीड महिन्यानं झाला.

ह्यांना अजून पक्कं काम लागलेलं नाही, त्यामुळं सध्या नाईटच्या दिवशी पाणी तेच भरतात. काल सकाळी ड्युटीवरून आले तर मोठी दारातच उभी, म्हणाली आई रात्री अडीचला नळ आला, दोन्ही ड्रम भरलेत, आज तू डोक्यावरून आंघोळ कर.