खाडीचा एकच नकाशा

आज ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर ठाणे खाडीच्या उपग्रहचित्रावर काम केले. पाणी, चिखल आणि कांदळवन यांचे तीन वेगवेगळे मास्क (चित्रातला फक्त तेवढाच भाग दाखवणारे थर) तयार होते, आणि ते क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करून पाण्याला १, चिखलाला २, कांदळवनाला ३ आणि उरलेल्या भागाला ० असे क्रमांक असलेले एकच रास्टर, म्हणजे प्रत्येक चौकोनी ठिपक्याला (पिक्सेलला) एक क्रमांक असलेले चित्र, करायचे होते.

इथे क्रमांकांची नुसती बेरीज चालत नाही. काठावर पाण्याचा आणि चिखलाचा मास्क एकमेकांवर आला, तर १ आणि २ मिळून ३ होतात, आणि जिथे एकही झाड नाही तिथे कांदळवनाची नोंद होते. म्हणून दोन वर्ग एकाच पिक्सेलवर दावा सांगत असतील तर कोणाचा मानायचा, हे आधी ठरवावे लागते. आणि हा निर्णय सॉफ्टवेअरवर न सोडता खाडी पाहिलेल्या माणसाने घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रात एक पिक्सेल १० मीटरचा असतो, त्यात काठाचे पाणी आणि चिखल दोन्ही सहज मावतात. मी चिखलाला पाण्याच्या वर ठेवले, कारण २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेल्या या खाडीतले रोहित पक्षी त्याच चिखलावर पोट भरतात.

रास्टरचा आकार बदलतानाही ‘निअरेस्ट नेबर’च (सर्वांत जवळच्या पिक्सेलचा क्रमांक जसाच्या तसा घेणारी पद्धत) निवडावे, कारण सरासरी काढणाऱ्या पद्धतीत १ आणि ३ यांच्या सीमेवर नसलेला चिखल तयार होतो.

उद्या ओहोटीच्या वेळचे चित्र घेऊन दोन्ही नकाशे ताडून पाहणार आहे.