तुम्ही विचारलंत म्हणून: तेरेंगानूत बेटं सोडून बघायचं काय?

मलेशियात राहते म्हटल्यावर ओळखीतले आणि ओळखीतल्यांच्या ओळखीतले सगळे एक प्रश्न हमखास विचारतात. आठवडाभर येतोय, लंकावी-पेनांग झालंय, तुम्ही त्या पूर्व किनाऱ्यावर होतात ना, तर रेदांग किंवा परहेंतियान बेटाचं पॅकेज घेतोय, पण बेटं सोडून तेरेंगानूत, म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या राज्यात, बघायला काही आहे का, की एअरपोर्टवरून थेट जेट्टी गाठायची? फोनवर दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही आणि अर्धवट दिलं की मलाच चुटपुट लागते, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

आहे. भरपूर आहे. बेटं सुंदर आहेत, त्यात वादच नाही, पाणी इतकं नितळ की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पायाशी मासे दिसतात. पण तसं पाणी अंदमानला मिळतं, थायलंडला मिळतं. जे फक्त तेरेंगानूचं आहे ते जमिनीवर आहे, नदीच्या मुखाशी, आणि ते तिथल्या माणसांच्या हातचं आहे. मी नोकरीमुळे केर्तेहला राहिले, तिथे समुद्रातून येणाऱ्या तेल आणि गॅसवर चालणारे प्लांट आहेत, त्यामुळे टुरिस्ट म्हणून नाही तर सुट्टीच्या दिवशी भाजी आणायला बाहेर पडावं तसं हे राज्य बघितलं, आणि जे सांगतेय ते त्या नजरेने सांगतेय.

सुरुवात क्वाला तेरेंगानू शहरातल्या लोसोंगच्या म्युझियमपासून करा. जुन्या मलय घरांसारख्या खांबांवर उचललेल्या प्रचंड इमारती आहेत, आणि त्यात एक दगड आहे, बातु बरसुरात. 1887 साली क्वाला बरांगजवळ पूर ओसरल्यावर तो नदीकाठी सापडला, गावकऱ्यांनी नेऊन तिथल्या सुराऊत, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, पायरीसारखा ठेवला आणि बरीच वर्षं लोक त्यावर पाय देऊन आत जात होते. 1902 च्या सुमारास सय्यद हुसेन नावाच्या एका व्यापाऱ्याच्या लक्षात आलं की यावर अक्षरं कोरलीयत. भाषा मलय, लिपी अरबी वळणाची जावी, साल हिजरी 702 म्हणजे 1303 असं सहसा धरतात (वरचा तुकडा तुटलेला आहे म्हणून अभ्यासकांत तारखेवरून वाद आहे). मजकूर कायद्याचा आहे, कर्ज, व्यभिचार, खोटी साक्ष, दंड. जावी लिपीतला इतका जुना मलय लेख दुसरा नाही, युनेस्कोने 2009 मध्ये त्याला मेमरी ऑफ द वर्ल्डच्या यादीत घेतलं. इस्लामचा कायदा सांगणाऱ्या या दगडावर देवाचा उल्लेख मात्र ‘देवता मुलिया राया’ असा आहे. नवा धर्म किनाऱ्याला लागलाय आणि बोलण्यात आधीची शतकं अजून तशीच आहेत, असा तो काळ. मी त्याच्यासमोर दरवेळी थांबते, आणि पाहुण्यांनाही थांबवते, मग त्यांना घाई असली तरी.

पुढचा इतिहास भराभर सांगते. सल्तनत 1725 ची धरतात, पहिला सुलतान झैनल आबिदीन. मग सयामचं, म्हणजे आजच्या थायलंडचं, वर्चस्व, दर तीन वर्षांनी बुंगा मास म्हणजे सोन्या-चांदीची झाडं घडवून बँकॉकला पाठवायची, तेरेंगानू म्हणणार भेट आणि सयाम म्हणणार खंडणी. 1909 मध्ये ब्रिटिश आणि सयाम यांनी आपापसात करार केला आणि तेरेंगानू, केलांतान, केदा, पर्लिस ही चार राज्यं ब्रिटिशांच्या पदरात पडली. सुलतानाला कुणी विचारलं नव्हतं. तरी तेरेंगानूने 1911 मध्ये स्वतःची लिखित राज्यघटना केली आणि ब्रिटिश ॲडव्हायझर 1919 पर्यंत लांबवला, ही लहान गोष्ट नाही.

पण मला यातलं सगळ्यात जवळचं वाटतं ते 1928. वरच्या अंगाला, हुलू तेरेंगानूत, शेतकऱ्यांना वाडवडिलांच्या जमिनीवर रान साफ करायचं तर पास काढा, पैसे भरा असं सांगितलं गेलं आणि लोक बिथरले. हाजी अब्दुल रहमान लिंबोंग नावाचे धर्मगुरू कोर्टात त्यांची बाजू मांडत होते, म्हणणं एवढंच की जमीन देवाची आहे, कसणाऱ्याला परवानगी कसली मागता. त्या वर्षी क्वाला तेलेमोंगला जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं मेली, हाजींना मक्केला हद्दपार केलं आणि 1929 मध्ये ते तिथेच वारले. आपल्याकडे बिळाशीचा, चिरनेरचा जंगल सत्याग्रह 1930 चा. दोन वर्षांचं अंतर, साहेब तोच आणि कारणही जवळपास तेच, आणि तरी आपल्यापैकी कुणाला हे नाव माहीत नसतं. हुलू तेरेंगानूकडे बहुतेक लोक केन्यिर तलावासाठी जातात, 1985 च्या धरणाने दऱ्या बुडाल्या आणि डोंगरांच्या माथ्यांची 340 बेटं झाली, हाऊसबोटी मिळतात, छान आहे. जाताना तेलेमोंग वाटेवर लागतं एवढं लक्षात ठेवा.

आता होड्या. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

क्वाला तेरेंगानू शहराच्या समोर, नदीच्या मुखातच, पुलाऊ दुयोंग नावाचं बेट आहे, पुलावरून गाडीने जाता येतं. पिढ्यान्‌पिढ्या इथे लाकडी जहाजं बांधली गेली. बेदार आणि पिनास ही इथली मोठी शिडाची जहाजं, मीठ-तांदूळ भरून सयाम आणि सिंगापूरकडे जायची. लाकूड चेंगाल, इतकं जड आणि टिकाऊ की वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. आणि पद्धत अशी की कागदावर नकाशाच नाही. आपण समजतो आधी सांगाडा उभा करायचा आणि मग त्यावर फळ्या ठोकायच्या, इथे उलटं आहे, तळाच्या कण्यापासून एकावर एक फळ्या चढवत जायच्या, फळी विस्तवावर शेकून वाकवायची, दोन फळ्यांच्या मध्ये गेलाम झाडाची कागदासारखी पातळ साल घालायची, लाकडी खुंट्यांनी जोडायचं, लोखंडी खिळा नाही, आणि पूर्ण आकार तयार झाल्यावर मगच आतल्या बरगड्या बसवायच्या. पाणी लागलं की साल फुगते आणि सांधा घट्ट होतो. सगळं माप कारागिराच्या डोळ्यात. आपल्या केरळात बेपूरला उरू नावाची लाकडी जहाजं बांधतात तीही डोक्यातल्या हिशेबाने, समुद्राच्या दोन्ही काठांवर हे ज्ञान असंच बापाकडून मुलाकडे गेलंय.

1970-80 नंतर परदेशी हौशी लोकांनी इथून यॉट बांधून घेतल्या म्हणून काही वर्षं काम टिकलं. आता चेंगाल महाग झालाय, मोठं झाड मिळणं मुश्किल, फायबरच्या बोटी स्वस्त, मुलं तेल कंपनीत नाहीतर क्वालालंपूरला. यार्ड हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिलीयत. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हे काम पुस्तकातून शिकता येत नाही, एक म्हातारा गेला की त्याच्या डोळ्यातलं माप त्याच्याबरोबर जातं. म्हणून म्हणते, दुयोंगला जा, यार्डात कुणी काम करत असेल तर परवानगी विचारून उभे राहा, लोक प्रेमाने दाखवतात. अर्धवट झालेलं जहाज बघायला मिळालं तर नशीबच.

सोंकेत, म्हणजे इथलं जरीचं कापड, विणणाऱ्या बायका हा असाच दुसरा धागा. रेशमी ताण्यावर जरीचा जादा बाणा उचलून नक्षी काढतात, 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. पैठणी बघून मोठ्या झालेल्या बाईला भाव ऐकून धक्का बसत नाही, मागावर किती वेळ जातो हे आपल्याला सांगावं लागत नाही. पासार पायांग मार्केटात बाटिक, पितळेची भांडी, सुके मासे सगळं मिळतं, विकायला बहुतेक बायकाच, घासाघीस चालते पण हसत करा. पण खरा हाताचा सोंकेत हवा असेल तर मार्केटात घाई करू नका, विणकराकडे जाऊन घ्या.

खाणं. मासे खाणाऱ्या माणसाला इथे काहीच समजावून सांगावं लागत नाही. केरोपोक लेकोर म्हणजे मासा कुटून त्यात सागो ताडाचं पीठ मिसळून हाताने वळलेल्या लांब सळ्या, उकडून किंवा तळून, बरोबर तिखट-गोड चटणी, रस्त्याच्या कडेला कढया सतत चालू असतात. लोसोंगचा सगळ्यात चांगला असं तिथले लोक म्हणतात, मलाही पटतं, माशाचं प्रमाण कळतं चवीत. नाश्त्याला नासी दागांग: तांदूळ नारळाच्या दुधात वाफवलेले, त्यात आलं, छोटे कांदे आणि मेथीदाणे, आणि त्यावर कुप्याची रस्सेदार आमटी. भातात मेथी? पहिला घास घेईपर्यंत मलाही शंका होती. बुडू नावाचं आंबवलेल्या छोट्या माशांचं सॉस आहे, वास उग्र, ज्यांना कोकणातल्या सुकटीचा वास आवडतो ते त्याच्या प्रेमात पडतात. शाकाहाऱ्यांना खरं सांगते, त्रास होतो. भाजीतही सुकी कोळंबी निघते. रोटी चनाई आणि चिनी व्हेज दुकानं यांच्यावर दिवस काढता येतो, बरोबर थोडं खाणं ठेवा.

चिनी म्हटलं म्हणून, कांपुंग चिना ही जुनी गल्ली चुकवू नका, इथले चिनी कित्येक पिढ्या तेरेंगानूची खास मलय बोली बोलतात. 1801 चं हो आन क्योंग देऊळ 2010 मध्ये जळलं आणि परत उभारलं. क्रिस्टल मशिदीचे फोटो सगळीकडे दिसतात, 2008 ची, काच आणि पोलादाची, रात्री दिवे लागल्यावर चांगली दिसते, पण मला 1995 ची ती पांढरी तेंगकू तेंगाह झाहारा मशीद जास्त आवडते, शांत पाण्याच्या काठावर. कपडे अंगभर हवेत, देऊळ असो की मशीद.

आणि कासवं. हे सांगितल्याशिवाय तेरेंगानू पूर्ण होत नाही. रांताऊ आबांगच्या किनाऱ्यावर लेदरबॅक, जगातलं सगळ्यात मोठं कासव, 1950 च्या दशकात वर्षाला दहा हजारांच्या आसपास घरटी करायचं. लोक रात्री बघायला गर्दी करायचे, पाठीवर बसून फोटो काढायचे, अंडी बाजारात विकली जायची. आता तिथे लेदरबॅक जवळजवळ येतच नाही. अंडी खाल्ली, मच्छीमारी जाळ्यांत मोठी कासवं बुडाली, आणि वाचवायला केलेल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या राखीव जागेत, वाळूचं तापमान जास्त राहिल्यामुळे पिल्लं जवळपास सगळी माद्याच निघाली, कारण कासवात नर की मादी हे उष्णतेवर ठरतं. चांगल्या मनाने केलेलं कामसुद्धा माहिती अपुरी असली की कमी पडतं. सर्व कासवांच्या अंड्यांच्या विक्रीवर राज्याने बंदी आणली ती 2022 मध्ये. फार उशीर. पण हिरवी कासवं अजून येतात, रेदांगच्या चागार हुतांग किनाऱ्यावर तिथल्या विद्यापीठाचे लोक 1993 पासून घरटी राखतायत आणि स्वयंसेवकांना घेतात. वेळासला पिल्लं समुद्रात जाताना पाहिली असतील तर तुम्हाला याची किंमत माहितीय. म्हणजे बेटावर जायचंच असेल तर या निमित्ताने जा असं मी सांगेन.

अजून एक बेट, बिदोंग. पॅकेजात त्याला स्नॉर्कलिंग स्पॉट म्हणतात. 1978 ते 1991 इथे व्हिएतनाममधून होडीने पळून आलेल्यांची छावणी होती, सुमारे अडीच लाख माणसं इथून पुढे गेली. 1979 च्या मध्यात जेमतेम एक चौरस किलोमीटर जागेत चाळीस हजार लोक राहत होते. वाटेत किती बुडाले, किती जणींना चाच्यांनी गाठलं. आज छावणीतली तेव्हाची मुलं कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतून आपल्या मुलांना घेऊन परत येतात, स्मारकं बघतात, कबरी शोधतात. तिथे पाण्यात उतरा, हरकत नाही, पण आधी वर चढून ती देवळाची आणि चर्चची जागा बघा.

आता व्यवहाराचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी येऊ नका, पाऊस आपल्या उलट्या मोसमात येतो, समुद्र खवळतो आणि बेटांवरची बरीचशी रिसॉर्ट बंद असतात. एप्रिल ते सप्टेंबर उत्तम. क्वालालंपूरहून विमान तासाभराचं, बस सहा-सात तासांची. सुट्टीचे वार शुक्रवार-शनिवार आहेत, शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकानं बंद मिळतील, त्यामुळे शक्यतो रविवारी पोचा. दोन रात्री क्वाला तेरेंगानूत, दुयोंग, म्युझियम, मार्केट, आणि कांपुंग चिना मात्र पायी, तिसऱ्या दिवशी गाडी करून हुलूकडे, आणि उरलेले दिवस हवं ते बेट. परहेंतियानची बोट क्वाला बसूतहून सुटते, ते शहरापासून बरंच उत्तरेला आहे, रेदांगची मेरांगहून किंवा शहरातल्याच शाहबंदर जेट्टीवरून, बुकिंग करताना कुठली जेट्टी ते नक्की विचारून घ्या, दरवर्षी कुणीतरी चुकीच्या ठिकाणी उभं असतं आणि मला फोन येतो.