यूक्लिडमधली ती ६८ एकर जमीन

मागच्या उन्हाळ्यात महिनाभर ताईकडे राहिले, अमेरिकेत, क्लीव्हलँडच्या जवळच्या एका उपनगरात. दुसऱ्याच दिवशी सकाळी दूध संपलं म्हणून मी चपला घालून निघाले तर ताई म्हणाली, अगं कुठे चाललीस, दाजी आले की गाडीने आणू. मी तरी गेले. पाऊण तास चालले, दोन्ही बाजूंना घर, लॉन, गॅरेज, परत घर, लॉन, गॅरेज, मध्येच फुटपाथ संपतो आणि रस्त्याच्या कडेने गवतातून चालावं लागतं, पण दुकान एक नाही. केमिस्ट नाही, डॉक्टर नाही, इस्त्रीवाला नाही. मी डोंबिवलीत वाढले, आमच्या बिल्डिंगच्या खालीच पिठाची गिरणी होती, दुपारी तिच्या आवाजातच आम्ही अभ्यास करायचो, त्यामुळे ती शांतता मला चांगली वाटेना, कसंतरीच वाटत होतं.

रात्री जेवताना दाजींना विचारलं की इथे कोणी दुकान का काढत नाही, तर म्हणाले, काढताच येत नाही, झोनिंग आहे, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं ते गावाच्या नियमानेच ठरलेलं. मग ताईने तिची गोष्ट सांगितली. सासू-सासऱ्यांना कायमचं इकडे आणायचं म्हणून गॅरेजवर दोन खोल्या, छोटं किचन असं काढायचं होतं, प्लॅनसुद्धा करून घेतला होता, पण परवानगी मिळाली नाही, कारण त्या झोनमध्ये एका प्लॉटवर एकच घर आणि एकच कुटुंब. स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या माणसांसाठी! मला रात्री झोपच येईना, तेव्हा फोनवर वाचत बसले आणि कळलं की या सगळ्यावर सुप्रीम कोर्टाचा शिक्का बसला ती केस इथलीच, चाळीस मिनिटांवरच्या यूक्लिड गावची.

शनिवारी दाजी घेऊन गेले. मी मुद्दाम म्हटलं की डाउनटाउनच्या पब्लिक स्क्वेअरपासून यूक्लिड अव्हेन्यूनेच जाऊ, हायवे नको. कनेक्टिकटहून आलेल्या सर्व्हेअर लोकांनी अठराव्या शतकाच्या शेवटी इथली जमीन मोजली आणि त्यांनीच गावाला भूमितीवाल्या ग्रीक युक्लिडचं नाव दिलं म्हणे. एकेकाळी या रस्त्यावर रॉकफेलरसारख्या अतिश्रीमंतांचे बंगले होते, आता त्यातले मोजकेच उरलेत, मधून लाल-करड्या लांब बस जातात, पुढे ईस्ट क्लीव्हलँडला कितीतरी घरांच्या खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं दिसलं.

तर ज्यावरून केस झाली ती जमीन. यूक्लिड अव्हेन्यू आणि निकेल प्लेट रेल्वेलाइन यांच्यामधली ६८ एकर, मालक अँबलर रिअल्टी कंपनी. क्लीव्हलँडचे कारखाने रेल्वेच्या कडेने पूर्वेकडे सरकत होते आणि कंपनी जमीन धरून बसली होती की आज ना उद्या इंडस्ट्री येणार. यूक्लिड तेव्हा पाच-दहा हजार वस्तीचं गाव. १९२२ मध्ये गावाने झोनिंगचा नियम केला, जमिनीचे सहा वर्ग पाडले, पहिल्यात फक्त एका कुटुंबाची घरं, दुसऱ्यात दोन कुटुंबांची, तिसऱ्यात अपार्टमेंट, मग दुकानं, मग गोदामं आणि साधे कारखाने, शेवटी अवजड उद्योग. यातली खरी गोम म्हणजे खालच्या वर्गात वरचं सगळं चालतं पण वरच्यात खालचं नाही, म्हणजे कारखान्याच्या पट्ट्यात घर बांधा हवं तर, पण घरांच्या पट्ट्यात किराण्याचं दुकान नको. अँबलरच्या जमिनीचा रस्त्याकडचा भाग घरांसाठी राखीव झाला. कंपनी म्हणाली, कारखान्यासाठी एकरी १०,००० डॉलर येतात, घरांसाठी २,५००, आमचं नुकसान झालं.

खालच्या कोर्टात कंपनी जिंकली. जज वेस्टनहेवर यांनी १९२४ च्या निकालात सरळ लिहिलं की या नियमाचा खरा परिणाम म्हणजे लोकांची त्यांच्या उत्पन्नाप्रमाणे आणि परिस्थितीप्रमाणे वर्गवारी करून त्यांना वेगळं ठेवणं. काळ्या आणि गोऱ्या लोकांच्या वस्त्या कायद्याने वेगळ्या ठेवायचा लुइव्हिल शहराचा नियम सुप्रीम कोर्टाने १९१७ मध्येच रद्द केला होता, त्याचाही त्यांनी दाखला दिला. त्यांनी ते तेव्हाच इतकं स्वच्छ ओळखलं होतं हे वाचून मी उठून बसले. पण गाव अपिलात गेलं, आणि २२ नोव्हेंबर १९२६ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने गावाच्या बाजूने निकाल दिला. जस्टिस सदरलँड यांनी लिहिलं की योग्य गोष्टही चुकीच्या जागी उपद्रव होते, जसं डुक्कर गोठ्याऐवजी दिवाणखान्यात.

घराशेजारी धूर ओकणारा कारखाना नको, हे मला शंभर टक्के पटतं. पण त्याच निकालात अपार्टमेंटबद्दल शब्द आहे पॅरासाइट. बांडगूळ! का तर बंगल्यांच्या वस्तीतला उजेड, हवा, मोकळी जागा अपार्टमेंट खाऊन टाकतं. मी आयुष्यभर बिल्डिंगमध्येच राहिले, माझे आई-बाबा, शेजारच्या काकू, आमच्या दोन्ही विंगमधली चाळीस घरं, आम्ही सगळे कोणाचातरी उजेड खात होतो असं म्हणायचं का? तो शब्द मला लागला, अजूनही लागतो.

आणि त्या ६८ एकरांवर शेवटी आला कारखानाच. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानांचे लँडिंग गिअर बनायचे, नंतर ती जागा जनरल मोटर्सने घेतली. आम्ही गेलो तेव्हा समोर लांबच लांब बसकी इमारत होती, आत आता कारखान्यांच्या जुन्या मशिनरीची विक्री चालते. ड्रिल मशीन, मोटरी, लोखंडी रॅक, तेलाचा वास. दाजी आत रमले, मी बाहेर रस्त्यावर उभी राहिले.

परत येताना दाजी सांगत होते की मिनियापोलिस शहराने फक्त एका कुटुंबाच्या घराचा नियम काढून टाकायचं २०१८ मध्ये ठरवलं, पुढच्या वर्षी ओरेगन राज्यानेही तसा कायदा केला, आमच्याकडेही एखाद दिवशी होईल. ताई काही बोलली नाही. सासू-सासरे दिवाळीनंतर येणारेत, भाचीची खोली त्यांना द्यायची ठरलंय, ती हॉलमध्ये झोपेल. गॅरेजवरच्या खोल्यांचा प्लॅन ताईने फ्रिजच्या वर गुंडाळून ठेवलाय.